उपासाला चालणारी ताकद

आमच्या कोथरूडच्या स्वयंपाकघरातला एक खण माझ्या हातातून गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्यात मी पोहे, रवा आणि दाण्याचं कूट ठेवत असे. मग नवऱ्याला डोंगर चढायचा झटका आला आणि त्या खणात त्याची ताकद येऊन बसली. ताकद हा माझा शब्द, तो ‘एनर्जी’ म्हणतो. चकचकीत पुड्यांतलं चिकट जेल, चिक्कीची नक्कल करणारे बार, पाण्यात कालवायची गुलाबी पावडर आणि उघडले की फुसफुसणारे कॅन. प्रत्येकावर एक तरी वीज चमकत असायची. एवढी वीज घरात असूनही त्या खणातली झुरळं सुखाने नांदत होती.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचायची मला खोड आहे. साखर, मग साखरेचीच आणखी दोन नावं, मीठ, रंग आणि लिंबाचा वास. लिंबू नव्हे, नुसता वास. याला सरबत म्हणतात, मी त्याला सांगितलं, आणि आपल्याकडे ते पाहुणे आले की करतात. त्यावर त्याने मला स्पोर्ट्स सायन्स समजावून सांगायला घेतलं. हा माणूस आठवडाभर हिंजवडीत खुर्चीत बसून परदेशातल्या कुठल्याशा विमा कंपनीचे कॉम्प्युटर नीट चालताहेत ना, हे बघायचा. लिफ्ट बंद असली तर खालून फोन करायचा, की भाजीची पिशवी घ्यायला कुणाला तरी पाठव. आणि रविवारी सिंहगड चढताना याला भीती कसली, तर शरीरातलं इंधन संपण्याची. पोटावर एवढा साठा उघड दिसत असताना ही भीती कुठून येते, हे मला शास्त्राच्या कुठल्याच शाखेत सापडलं नाही.

पूर्वी असं नव्हतं. आमचं लग्न झालं तेव्हा पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या, परदेशी चॉकलेटं वाण्याच्या दुकानात दिसायला लागली होती आणि आमच्याकडे एक स्कूटर होती. तिच्यावरून खडकवासल्याच्या धरणापुढे जायचं, पायथ्याशी स्कूटर लावायची आणि गड चढायचा. पिशवीत काकड्या, थालीपीठ, कागदात बांधलेला गूळ आणि दाणे. वर गेल्यावर मडक्यातलं दही. याला आम्ही खाणं म्हणत असू. दमलं की बसायचं, भूक लागली की खायचं, एवढंच शास्त्र होतं.

पुढे भूक लागल्याचं मनगटावरचं घड्याळ सांगायला लागलं. ते वाजलं की ऑफिसचा सगळा ग्रुप वाटेत थांबायचा, माना मागे टाकून पुड्या तोंडात पिळायचा आणि पुन्हा चालू लागायचा. मी एकदाच त्यांच्याबरोबर गेले. वाटेवर काकडीवाली बसली होती. मी काकडी घेतली तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी गटारातलं काही उचलून खाते आहे. पाणी कुठलं वापरलं असेल, कोण जाणे, असं एकजण हळूच म्हणाला. तोच माणूस पुढच्या वळणावर रिकामी पुडी झुडपात टाकताना मी पाहिला.

या मंडळींचा एक कोचही होता. मोबाइलवरच्या ग्रुपात तो रोज सकाळी एक फतवा काढायचा. चढाईच्या आधी पोहे नकोत, उपमा नको, साबुदाणा तर मुळीच नको, पोट जड होतं. साबुदाणा खाऊन घरची सगळी कामं उरकणाऱ्या बायकांना हे कुणी कळवलेलं नव्हतं. ऑफिसातल्या काही जणांना हिमालयातल्या एका बेस कॅम्पला जायचं होतं, आणि त्याआधी सिंहगड एका दमात दोनदा चढून दाखवायचा, अशी कोचची अट होती. माझ्या नवऱ्याने नाव दिलं होतं.

मी या सगळ्याची यथेच्छ टिंगल करत होते, आणि करताना त्यामागचं कारणही मला ठाऊक होतं. माझे सासरे पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला होते. एक दिवस सकाळी घरून गेले ते मशीनपाशीच कोसळले. हृदयविकार. नवरा तेव्हा शाळेत होता. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकाने संध्याकाळी त्यांची सायकल आणि जेवणाचा डबा घरी आणून दिला. डबा भरलेला होता. लग्नानंतर सासूबाईंनी मला हे एकदाच सांगितलं, तेही भाजी चिरता चिरता. डबा तसाच परत आला, म्हणाल्या, आणि पुढची भेंडी घेतली. त्या विषयावर त्यांच्या तोंडून दुसरं वाक्य मी कधी ऐकलं नाही, आणि त्यांना रडताना तर कुणीच पाहिलेलं नव्हतं.

ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षी माझा नवरा वडील गेले त्या वयाचा झाला. वाढदिवसाला त्याने केक आणू दिला नाही. नवे बूट घेतले आणि खण भरून टाकला. हे वर्ष पार पडलं की आपण सुटलो, असं त्याला वाटत होतं. तो ते बोलत नव्हता, पण जिना चढून आला की दोन बोटं मनगटावर ठेवून उभा राहायचा. ते बघून मला भरून यायचं, आणि भरून आलं की मी आणखीच टाकून बोलायचे. माझा स्वभाव तसाच आहे.

मुलाचा विमा सासूबाईंनी मात्र फार आधीच उतरवला होता. सासरे गेल्यावर त्यांनी गणपतीला परस्पर सांगून टाकलं, की माझा मुलगा जन्मभर संकष्टी करील. मुलाला विचारायची पद्धत तेव्हा नव्हती. नवरा देव फारसा मानत नाही, पण संकष्टी मोडायची त्याची कधी छाती झाली नाही. कंपनीने अमेरिकेत पाठवलं तेव्हाही तो तिथला चंद्रोदय कॉम्प्युटरवर बघून मगच जेवायचा.

तर सिंहगड दोनदा चढायचा तो रविवार नेमका संकष्टीचा निघाला.

आदल्या दिवशी आमच्या जेवणाच्या टेबलावर न्यायालय भरलं. सासूबाई न्यायाधीश. खणातला सगळा माल त्यांच्यापुढे मांडला आणि वेष्टनं वाचायचं काम माझ्याकडे आलं. जेलमध्ये काय आहे? मक्यापासून काढलेली साखर. मका उपासाला चालत नाही, जेल बाद. बारमध्ये ओट्स. ओट्स म्हणजे काय? एक धान्य. बार बाद. पावडरीवर थोडी चर्चा झाली आणि साखर-मीठच आहे म्हणून ती सुटली. मग कॅन. नवऱ्याने अगदी कळकळीने बाजू मांडली, की हे पातळ आहे, यात धान्य नाही, कॉफीत असतं तेच द्रव्य यात आहे. कॉफी उपासाला चालते, सासूबाई म्हणाल्या, आणि कॅन मंजूर झाले. आमच्या सोसायटीचे नियम करतानाही कुणी इतका बारीक विचार केला नसेल. दोन शिकलीसवरलेली माणसं आणि एक म्हातारी, एवढ्यांनी मिळून एकच गोष्ट तपासायची सोडून दिली, ती म्हणजे उपाशीपोटी हे पिऊन डोंगर चढला तर माणसाचं काय होईल.

सकाळी अंधारातच उठून सासूबाईंनी साबुदाण्याची खिचडी केली. नवऱ्याने कोचचा फतवा ऐकवला. त्यांनी खिचडी स्टीलच्या डब्यात भरली, झाकण दाबून बघितलं आणि डबा स्वतः त्याच्या सॅकमध्ये कॅनच्या शेजारी ठेवला. वर गेल्यावर खा, एवढंच म्हणाल्या. तो हो म्हणाला. हे हो कसलं आहे, ते मला ओळखता येतं.

ऊन चांगलं तापल्यावर त्याच्या ऑफिसातल्या एकाचा फोन आला. दुसऱ्यांदा चढताना अर्ध्या वाटेवर माझा नवरा खाली बसला होता. छातीत धडधड, अंगाला गार घाम, हात थरथरताहेत. सगळ्यांनी मिळून खाली आणलं आणि गाडीत घालून आमच्या घराजवळच्याच हॉस्पिटलात नेलं होतं. सासूबाई माझ्याआधी चपला घालून दारात उभ्या होत्या.

तो कॉटवर पडला होता, छातीला वायरी लावलेल्या, तोंड राखेच्या रंगाचं. मला बघितलं आणि म्हणाला, “बाबांसारखंच झालं गं.” माझी जीभ कधी गप्प बसत नाही असं घरीदारी सगळे म्हणतात. त्या वेळी ती हललीच नाही. मी त्याचं पाऊल धरून उभी राहिले. मोज्यात गडाची माती होती, घामाने ओली. हा माणूस गेला तर मी टिंगल कुणाची करणार, असं काहीतरी वेडंवाकडं माझ्या मनात आलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने कागदावरच्या रेघा बघितल्या, रक्ताच्या तपासण्या येऊ दिल्या आणि मगच बोलायला आली. सकाळपासून काय खाल्लंत, तिने विचारलं.

“उपास आहे,” तो म्हणाला.

मग काय प्यायलात, तर ऑफिसातल्या माणसाने कॅनची यादी सांगितली. तिने हातातलं पेन खिशात ठेवलं. हृदयाला काही झालेलं नाही, तिने सांगितलं. उपाशी पोट, हे ऊन आणि त्यावर एवढं उत्तेजक ढोसलं तर कुणाचीही छाती धडधडेल. सलाईन संपली की घरी न्या आणि जेवायला घाला. जाता जाता तिने विचारलं, बरोबर खायला काहीच नव्हतं का? तो छताकडे बघत राहिला.

माझा जीव परत आला आणि त्याच्या पाठोपाठ रागही. वीज चमकली का रे पुरेशी, असं मी त्याला सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं. बेस कॅम्पला जाणाऱ्याने आधी खिचडीचा चमचा तोंडापर्यंत उचलून दाखवावा, असंही म्हणाले. आणखीही बरंच बोलणार होते. पण ऑफिसातल्या माणसाने त्याची सॅक पुढे केली आणि ती सासूबाईंनी घेतली.

त्यांनी आत हात घालून डबा काढला. उघडला नाही. हातात घेतल्या घेतल्या त्यांना वजन कळलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, डबा पोटाशी धरून, आणि त्यांचा चेहरा बघितल्यावर मला ती भेंडी आठवली, ती सायकल आठवली. नवऱ्यालाही आठवलं असावं. त्याने मान भिंतीकडे फिरवली.

घरी आलो तेव्हा टळटळीत दुपार होती. तो टेबलाशी बसला. सासूबाईंनी त्याला पडूही दिलं नाही. त्यांनी कुकर लावला. मी म्हटलं, आई, मी खिचडी गरम करते, तर त्यांनी नुसता हात वर केला. खिचडी एका पातेल्यात काढून ठेवली. डबा घासला, पुसला. मग त्याच डब्यात वाफाळता भात, वरण, तूप घातलं, वर लिंबू पिळलं. नुसता वास नव्हे, अख्खं लिंबू. आणि डबा त्याच्यापुढे ठेवला.

नवरा बघतच राहिला. मक्याची साखर नको म्हणून आदल्या दिवशी निवाडा देणारी बाई संकष्टीला भरदुपारी भात वाढत होती. “आई, आज चतुर्थी आहे,” तो म्हणाला. “अजून चंद्र...”

“चंद्राचं मी बघते,” सासूबाई म्हणाल्या. “तू गिळ.”

त्याने घास घेतला. त्या शेजारी उभ्या होत्या, बसल्या नाहीत. स्वतः सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं आणि चंद्र दिसेपर्यंत घेणारही नव्हत्या, ते त्यांच्या तोंडावरूनच कळत होतं. तो हळूहळू खात होता. मध्ये एकदा पुरे म्हणाला, तर त्यांनी नुसतं डब्याकडे बघितलं. तळाशी चिकटलेली शितंसुद्धा त्याने बोटाने पुसून खाल्ली, लहानपणी खात असेल तशी.

डबा रिकामा झाला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि आत सिंकपाशी आल्या. मी तिथेच होते. डबा उपडा केला, पुन्हा सरळ केला, आत बघितलं. त्यात काही नव्हतं. मग तो तसाच हातात धरून त्या रडायला लागल्या. इतक्या वर्षांचं रडू होतं ते, त्यांना ते आवरेना, आणि बाहेर त्याला ऐकू जाईल म्हणून त्या पदर तोंडात कोंबत होत्या.

मी पुढे होऊन नळ पूर्ण सोडला. एरवी धुणंभांडी करताना धार जरा मोठी झाली तरी त्यांना खपत नाही. त्या दिवशी बराच वेळ पाणी वाहत राहिलं आणि त्या काही म्हणाल्या नाहीत.