बाबांच्या गाडीचे स्टड

बाबांची गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि घरात तिचा मानही माझ्यापेक्षा मोठा आहे. मनीषनगरच्या आमच्या घरी पाहुण्यांना आधी गाडी दाखवतात, मग चहा देतात. दर दसऱ्याला तिला धुऊन, हार घालून बाबा स्वतः खाप्याला चालवत नेतात, कारण तिथे त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या राहते. काचबिंदूने तिची नजर गेली, ती आता घराबाहेर पडत नाही. तिच्या हातात सोनं दिल्याशिवाय बाबांचा दसरा होत नाही.

यंदा उन्हाळ्यात एका चौकात गाडी थांबता थांबेना आणि पुढच्या स्कूटरला जाऊन टेकली. कुणाला लागलं नाही. पण आईने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की या ब्रेकवर ती गाडीत बसणार नाही आणि बाबांनाही बसू देणार नाही. एरवी बाबांनी वाद घातला असता. या वेळी तेही घाबरले होते. शेवटी पुढच्या चाकांचे जुने ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवायचे ठरले.

सक्करदऱ्याच्या मिस्त्रीने डिस्क बसवल्या आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग, आणि चाक यांच्यामध्ये आता डिस्कची जाडी आली होती. त्यामुळे ज्या स्टडवर चाक अडकवून नट आवळतात, ते स्टड आखूड पडले. नट जेमतेम टोकाला धरायचा. नुसता लांब स्टड आणूनही भागत नाही. त्याच्या मानेवर बारीक दाते असतात आणि ते हबच्या भोकात रुतून बसतात. मान बारीक असली तर स्टड जागच्या जागी गरगर फिरतो, जाड असली तर हब तडकू शकतो. मिस्त्रीने एक हब काढून आमच्या हातात दिला आणि मापाचे स्टड मिळाल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणाला. घट तर बसले होते.

मग तो हब जुन्या टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून आम्ही सुट्या भागांच्या दुकानांतून हिंडू लागलो. दुकानदार विचारायचा, कोणत्या गाडीचा? झालं. बाबांची छाती फुगायची. गाडीचं नाव, ती कुठून आणली, तिच्यातून कोणाकोणाच्या वराती निघाल्या, सगळं बाहेर यायचं. आणि नाव ऐकताच दुकानदार मान हलवायचा, की काका, त्या गाडीचा माल आता येत नाही. पिशवी उघडायची वेळच यायची नाही. मी चिडत होते, पण घोळ कुठे होतो आहे हे माझ्याही डोक्यात शिरत नव्हतं.

एक दिवस आई सोबत आली. दोन-तीन दुकानांत तिने हा तमाशा पाहिला आणि पुढच्या दुकानाच्या पायरीवर बाबांच्या हातातून पिशवीच काढून घेतली.

"तुमी हर दुकानात गाडीचं नाव काहून सांगून राहिले? तिची सोयरीक थोडी जुळवायची हाय. वस्तू दाखवा ना."

आत जाऊन तिने हब काउंटरवर ठेवला आणि याच्यात बसेल असा, पण जुन्यापेक्षा लांब स्टड मागितला. बाबा तोंड उघडणार तोच तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दुकानदाराने भोकाचं माप घेतलं आणि मागून डबे काढले. एक स्टड शिरेचना, दुसरा सैल पडला. मग एका तेलकट डब्यातला स्टड भोकात अलगद गेला आणि दात्यांपाशी येऊन थांबला, जिथे थांबायला हवा तिथेच. बाबांनी खिशातला जुना नट त्याच्यावर फिरवला. तो सरसर चढत गेला.

तो स्टड भाजीपाला वाहणाऱ्या टेम्पोचा होता. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. माझ्या मात्र अंगावर काटा आला, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. ज्याने बाबांच्या गाडीचा हब आखला, तो आता हयातही नसेल. ज्याने हा स्टड घडवला, त्याने तशी गाडी कधी पाहिलीही नसेल. तरी एकीच्या पातेल्यावर शेजारणीचं झाकण चपखल बसावं, तशी दोघांची मापं जुळली होती. घरातल्या सगळ्यांचे जीव अशा बोटभर लोखंडाच्या तुकड्यांवर फिरत असतात, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. मी तो तळहातावर घेऊन नुसती उभी राहिले. शेवटी आईने मला हलवलं.

मिस्त्रीने पुन्हा माप घेतलं आणि मगच प्रेसवर एकेक स्टड दाबून बसवला. नट पूर्ण धरला. बाबांनी रिकाम्या मैदानात ब्रेक दाबून पाहिले. गाडी सरळ, मुकाट्याने थांबली.

दसऱ्याला आम्ही खाप्याला पोचलो. आत्या ओट्यावरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाबांनी जवळ बसून तिचा हात हातात घेतला, तेव्हा ती दचकली. मग तिने त्यांचा चेहरा चाचपून पाहिला.

"ब्रेक नाही वाजला गा," ती म्हणाली. "रस्त्यानं गाड्या तं जातच राहते. तुही गाडी फाटकात किंचाळते. सकाळपासून कान लावून होती मी. मले वाटलं, आता तू राह्यला नाही."

जुन्या ब्रेकचा तो कर्कश आवाज आम्ही वर्षानुवर्षं गाडीची खोड म्हणून सोसला होता, आणि इथे कोणी त्याची वाट पाहत होतं. बाबा उठले. ओटा उतरून, अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेले, वळले आणि तिथून मोठ्याने हाक मारली.

"अक्का वं, मी आलो."

आत्या उठून बसली, पदर सारखा केला आणि सोन्यासाठी हात पुढे केला.