आईचा रिपोर्ट

स्पिरिटचा वास आला की कोथरूडच्या घरातली ती सकाळ आठवते. वडील जन्मभर लॅब टेक्निशियन. घरात कोणाचंही रक्त काढायचं तर ते त्यांनीच. आईच्या शेवटच्या दुखण्यात मात्र तिच्या सुकलेल्या हाताला शीर सापडेना. दोनदा टोचल्यावर ती म्हणाली, "अहो, राहू द्या आता." ते स्वयंपाकघरात गेले, दातांनी रबर ओढून स्वतःच्या दंडाला बांधलं आणि आईच्या नावाची ट्यूब आपल्या रक्ताने भरली. संध्याकाळी त्यांनी तिला रिपोर्ट वाचून दाखवला, सगळं नॉर्मल. ते उठून गेल्यावर आई मला हळूच म्हणाली, "चला, यांची तब्येत तरी ठणठणीत आहे." आठवड्याभरात ती गेली. आज नव्वदीतल्या वडिलांना मी त्यांचा रिपोर्ट वाचून दाखवला, खरोखरच सगळं नॉर्मल. ते भिंतीकडे तोंड करून निजले.