आईचा जवळा आणि काच चाटणारे मासे

शेवाळ पहिल्यांदा माशांच्या टाकीच्या डाव्या काचेवर आलं, खिडकीच्या बाजूला. बोटानं पुसलं तर जाईल असं वाटलं. गेलंही. चार दिवसांनी परत आलं ते मागच्या काचेवर आणि दगडांवरसुद्धा, आणि आई म्हणाली, "सडक्या पाण्याजवळ मी बसणार नाय. मी मढला जाते."

हे तिनं सहज म्हटलं नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी तिला मढच्या तिच्या घरातून दिंडोशीला माझ्या घरी आणलं होतं. तीस-पस्तीस वर्षं तिनं मालाडच्या बाजारात जमिनीवर बसून मासे विकले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, निदान तीन महिने. पण मढला गेली की दुसऱ्या दिवशी ती बाजारात पाटी मांडून बसणार, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. माझ्या घरात ती खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत काठी टेकत फिरायची. टीव्ही तिला आवडत नाही. शेजाऱ्यांशी काय बोलायचं ते सुचत नाही. म्हणून मी दीड फुटाची काचेची टाकी आणली, एक लाल फायटर आणि थोडे टेट्रा मासे घातले.

पहिल्या दिवशी ती हसली होती. "ह्यात एका माणसाचा घास पण होत नाय गो." पण आठवड्याभरात टाकीसमोर तिची खुर्ची आली. फायटर तिच्या बोटामागे काचेवरून फिरायचा. ती त्याला लाल्या म्हणायची आणि बाजारातल्या गिऱ्हाइकाला बोलावं तसं त्याला बोलायची. तिचं घरातलं फिरणं थांबलं होतं. मग शेवाळ आलं.

मी झूलॉजीत बी.एस्सी. आहे. आमच्या घरातली पहिली पदवी. साकीनाक्याला औषधांच्या कंपनीत पाणी तपासायचं काम करते. तेव्हा टाकीतलं शेवाळ कोण खाईल हे मी दुकानदाराला विचारणार नव्हते. टाकी जिथून आणली त्या गोरेगावच्या दुकानात गेले आणि टाक्यांपुढून फिरले. दुकानदारानं काच चाटणारा काळा सकर मासा दाखवला, "सगळे हाच नेतात मॅडम." मी म्हटलं, "हा हातभर वाढतो. दीड फुटात कुठे ठेवू?" तो पुढच्या टाकीकडे सरकला आणि मला बरं वाटलं. मग त्यानं इवल्याशा लाल कोलंब्या दाखवल्या, ह्या शेवाळ खातात म्हणाला. आईला फोन लावून विचारलं तर ती म्हणाली, "जिवंत जवळा इकत आणतंस? लाल्या एका दुपारी संपवील." ते बरोबर होतं.

शेवटी मी एक सोनेरी मासा घेतला. तोंड खाली वळलेलं, ओठ काचेला चिकटणारे. दुकानात त्याचं नावच अल्गी ईटर. दुकानदार म्हणाला, "फायटरबरोबर नका ठेवू, मोठा झाला की त्रास देतो." मी म्हटलं, "तोंडाची ठेवण बघा ना, हा शेवाळच खाणार." पुस्तकात तसंच होतं.

दोन आठवडे त्यानं काच चकचकीत केली. मी ऑफिसातून आले की आधी टाकीकडे जायचे, मग चप्पल काढायचे. मग त्यानं काम सोडलं. दगडावर बसून राहायचा. शेवाळ वाढलं. मी टाकी खिडकीपासून लांब सरकवली, दिवा कमी वेळ लावला, पट्ट्या बुडवून पाणी तपासलं. शेवाळाला पोसणारं नायट्रेट वर होतं. का, ते कळेना. अर्धं पाणी बदललं, आठवड्यात परत तेच. ऑफिसात दुसऱ्यांच्या पाण्याचे रिपोर्ट लिहिताना माझ्या डोक्यात घरचं पाणी असायचं.

एका सकाळी आईनं हाक मारली. सोनेरी मासा लाल्याच्या अंगाला चिकटला होता. जाळीनं सोडवला तर लाल्याच्या कुशीवर पांढरा चट्टा, शेपूट फाटलेली.

"हा तुझा शेवाळ खाणारा," आई म्हणाली. "तुझ्या कॉलेजात असंच शिकवला?"

तिनं पलंगाखालून पिशवी काढली आणि दोन लुगडी घडी करून आत ठेवली.

त्याच दिवशी मी तो मासा पिशवीत आणि टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन दुकानात गेले. विचारायचं नाही असं ठरवलेलं होतं, ते मोडलं. दुकानदारानं मासा परत घेतला, टोमणा मारला नाही. मग बाटलीचं झाकण उघडून नाकाशी धरली आणि मान मागे घेतली.

"मॅडम, यात सुकी मच्छी घालता का?"

"नाही. फायटरचे दाणे घालते. मोजून."

"बघा वास."

मी वास घेतला. मला पाण्याचाच वास आला. परत घेतला. तो माझ्याकडे बघत राहिला. "अहो, सगळं दुकान घमघमलं." दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी पदर नाकाला लावला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जवळा. माझ्या दप्तराला, गणवेशाला, अकरावीच्या डब्याला तोच वास होता. वर्गातल्या मुली बाक बदलायच्या आणि मला कळायचं नाही का. तो मला वास म्हणून कधी आलाच नाही. घरी दार उघडलं की जे असतं ते.

"पोट भरलं असेल तर तो काच कशाला चाटेल?" दुकानदार म्हणाला. "आणि उरलेलं कुजतं, त्यावर शेवाळ पोसतं." मग त्यानं मला शेवाळ खाणारे चार ओटो मासे दिले. अंगठ्याएवढे, तपकिरी, गरीब. एकटे जगत नाहीत, कुणाच्या वाटेला जात नाहीत, वाढतही नाहीत. या वेळी मी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

घरी आले तेव्हा आई टाकीपाशी उभी होती, ऑपरेशनच्या पायावर भार देऊन. एका हातात बिस्किटांचा जुना डबा. तळहातावर जवळा चोळून भुगा करत होती, डोळे आणि मिश्या निवडून बाजूला काढत होती. गेल्या उन्हाळ्यात तिनंच वाळवलेला.

"आये, किती दिवस घालतेस?"

"रोज. दुपारचा. तू नसतंस ना."

"त्यानंच पाणी खराब होतंय."

ती थांबली. मला आडून बोलता येत नाही, सरळ बोललेच. जवळा कुजून पुढे काय होतं, नायट्रेट म्हणजे काय, तेही सांगितलं. ती भुगा परत डब्यात झटकत म्हणाली, "मग तो सोनेरी माझ्याच हातचा खाऊन माजला. घरात आलेल्याला नुसता पाला खायला लावायचा, मना नाय जमला." झाकण लावत म्हणाली, "ठेवते डबा वर."

तिनं ठेवला. ओटो कामाला लागले. दहा-बारा दिवसांत काच अशी झाली की टाकीमागची भिंत दिसायला लागली. लाल्याची शेपूट भरत आली. मी दोन संध्याकाळी शांत बसले. तिसऱ्या संध्याकाळी आले तर टाकीसमोरची खुर्ची रिकामी होती आणि आई काठी टेकत खिडकीपासून दारापर्यंत फिरत होती. लाल्या काचेवर तिच्याबरोबर इकडून तिकडे जात होता.

"आता पाणी स्वच्छ आहे ना," मी म्हटलं.

"हाय की. छान हाय." ती फिरतच होती. "त्याला दाणे तू घालतंस. काच ते चौघे चाटतात. मी काय करू गो?"

मी टाकीसमोरच्या तिच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. उंच स्टुलावर बसलेलं चालेल म्हणाले, सकाळचे दोन तास, जास्त नाही. आईला सांगितलं तर आधी म्हणाली, "स्टुलावर बसून मासे इकले तर बायका हसतील, मडमीण आली म्हणून." मग विचारलं, "केवढा उंच?" मी हातानं दाखवलं. तिनं माझा हात दोन बोटं खाली दाबला.

रविवारी तिला मढला सोडून आले. जाताना तिनं माळ्यावरचा डबा मला काढायला लावला. "एक चिमूट. आठ दिवसांतनं एकदा. लाल्याला एकट्याला, बोटानं. त्या चौघांना दाखवू पण नको."

ती बाजारात दोनच तास बसते असं सांगते. मी त्यावर विश्वास ठेवत नाही. सकाळी फोन करते तेव्हा मागे गिऱ्हाइकांचा आवाज असतो आणि ती घाईत विचारते, "लाल्यान खाल्लान?" मी हो म्हणते आणि फोन धरून खिडकीपासून दारापर्यंत जाते, परत येते. मग तिला विचारते, "उठलीस का मधे? पाय लांब केलास?" ती म्हणते, "गिऱ्हाइक हाय," आणि फोन ठेवते.