बेअरिंगवरची फळी

विद्यापीठाच्या नामांतरासाठी औरंगाबादेत मोर्चे निघत होते, विरोधातही निघत होते. त्या दिवसांत कामावर जाताना मला पुंडलिकनगरच्या उतारावर एक पन्नाशीतले गृहस्थ दिसायचे. अंगात कंपनीचा खाकी शर्ट, खांद्यांवर आडवी काठी आणि पायांखाली भंगारातल्या बेअरिंगवर बसवलेली फळी. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता म्हणे.

“मग चालत का नाही?” मी एकदा विचारलं.

“मेंढरांमागं लई चाललो, साहेब. आता जरा घसरू द्या.”

एका सकाळी मोर्चासाठी कोपऱ्यावर बंदोबस्त होता. फळीला ब्रेक नव्हता. “हटा, हटा!” ओरडत ते थेट एका जाड्या हवालदाराच्या मिठीत शिरले आणि दोघंही आडवे झाले.

हवालदार उठला, पँट झटकली आणि गरजला, “कोणत्या बाजूचा रे तू?”

तेव्हा या प्रश्नानं भल्याभल्यांची बोबडी वळायची.

त्या गृहस्थांनी हात जोडले. “उताराच्या बाजूचा, साहेब.”

हवालदाराला हसू आवरेना. मग त्यानं इकडं-तिकडं पाहिलं, एक बूट हळूच फळीवर ठेवला आणि म्हणाला, “धरा जरा मला.”