भुरीला दिलेली समज

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मांजर आडवं गेलं तर लोक थांबतात, मी त्याचं पोट बघते... जंत झालेत का म्हणून. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलंय माझं. त्यामुळे पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा, मीही बरीच वर्षं हसतेच आहे.

गोष्ट सत्याऐंशी सालची. मी धुळ्याच्या एका कॉलेजात एम.फिल. करत होते. विषय – चराईचा गवतावर होणारा परिणाम. जागा – धरणगावच्या अलीकडे फाट्यावर उतरून आत चालत गेलं की लागणारं एका गावाचं गायरान. तिथे दोन सारखे चौकोन आखायचे, एकात गुरं-बकऱ्या चरू द्यायच्या, दुसऱ्यात अजिबात नाही, आणि पावसाळा संपला की दोन्हींतलं गवत ताडून बघायचं. एवढंच.

घरी वडिलांनी एकच वर्ष दिलं होतं. "डिग्री झाली तर नोकरी कर, नाही झाली तर रावेरला होकार कळवतो." रावेरला म्हणजे केळीचा मोठा बाग, ट्रॅक्टर आणि त्या दोन्हींच्या मधे उभा असलेला, फोटोत सुद्धा न हसणारा मुलगा. मला त्याच्याशी लग्न करायचं नव्हतं. अगदी नव्हतं.

आता बंद चौकोनाला कुंपण हवं. तारेला कॉलेजकडे पैसे नव्हते. माझे गाईड, आमचे सर, म्हणाले, "स्थानिक साधनं वापरा." मी बोरीच्या काट्या लावल्या. आठवड्याने गेले तर काट्या गायब, कुणाच्या तरी शेताच्या बांधावर छान बसलेल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला गेले तर कोपऱ्यांचे चार दगड तेवढे शिल्लक, आणि माझ्या प्रयोगाच्या ऐन मधोमध बकऱ्या जेवायला बसल्यासारख्या चरतायत.

बकऱ्यांची मालकीण अक्का हिवराच्या झाडाखाली सुपारी कातरत बसली होती. मी तिच्यावर जे तोंड सोडलं ते सोडलं. तिने शांतपणे सुपारी तोंडात टाकली.

"माले काय सांगस, माय? खाई राहिन्यात त्या. त्यास्लेच सांग."

आणि मी सांगितलं हो! डोकंच फिरलं होतं. कळपात पुढे असायची ती भुरी, तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "हे बघ भुरे, तू इथलं खाल्लंस तर मला रावेरला जावं लागेल. माझी डिग्री होईपर्यंत या चार दगडांच्या आत तोंड घालायचं नाही. तू नाही आणि तुझ्या मैत्रिणींनीही नाही." बोलता बोलता रडूच आलं. भुरी रवंथ करत माझ्याकडे बघत होती. अक्का हसून हसून आडवी झाली.

पुढे महिन्याभराने गेले... आणि फाट्यावरून आणलेली केळी हातातून पडली. दगडांच्या आत मारवेल-पवन्या गवत गुडघ्याला लागलेलं, बाहेर सगळं भादरलेलं. मधली रेष दगडापासून दगडापर्यंत सरळ!

"अक्का, तुम्ही राखता ना?"

"मी काय तुन्ही राखनदार शे का? माले बी नवल वाटस."

सरांना आणलं. त्यांनी माती हुंगली, गवत हुंगलं, मलाही जवळजवळ हुंगलं – काही फवारलंय का म्हणून. मग आतलं मूठभर गवत उपटून भुरीसमोर धरलं. तिने मान फिरवली. बाहेरचं धरलं, तर मुठीसकट खायला निघाली. सर चष्मा पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मागच्या बॅचच्या एका विद्यार्थ्याला पाठवलं, शेजारी नवा चौकोन आखून तसंच सांगायला. त्याने अगदी शुद्ध भाषेत सांगितलं. बकऱ्यांनी त्याचं गवत खाल्लं आणि शबनम पिशवीचा पट्टाही. सर एवढंच म्हणाले, "त्याला रावेर नव्हतं."

प्रबंधात मी लिहिलं, "संरक्षण : स्थानिक पद्धतीने." तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच विचारलं, "म्हणजे काय केलंत?"

"समज दिली, सर."

"गावकरी ऐकतात?"

"गावकरी नाही ऐकत, सर," मी म्हटलं. आमचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. डिग्री मिळाली. रावेरला नकार गेला, मला धुळ्यातच नोकरी लागली आणि मी ओळखीच्या प्रत्येक घरात पेढे वाटले.

उन्हाळ्यात एक दिवस प्रॅक्टिकल चालू असताना दारात अक्का उभी. एस.टी.ने एकटीच आलेली, घामाघूम.

"तठे गवत उभं शे नि बकऱ्या बाहेर उपाशी शेतस. दिनभर दगडजवळ उभ्या ऱ्हातस, हालत नही. दूध आटी गयं." मग आवाज चढवून, सगळ्या वर्गादेखत, "घरोघर बठ्ठास्ले पेढा वाट्यात, नि बकऱ्यास्ले कोन सांगी? तू बांधेल शे, तूच सोड!"

'डिग्री होईपर्यंत', मीच म्हटलं होतं.

पेढ्यांचा पुडा घेऊन तशीच तिच्याबरोबर निघाले. गायरान उजाड, आणि मधे माझा तो चौकोन, वाळून सोन्यासारखा. भोवती बकऱ्या. बरगड्या दिसत होत्या. इतकं वाईट वाटलं मला! भुरीसमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "झाली गं डिग्री. फर्स्ट क्लास मिळाला. खा आता."

भुरीने माझ्याकडे बघितलं. मग पुढे येऊन आधी माझ्या हातातला पेढा खाल्ला, कागदासकट, आणि नंतर दगड ओलांडला. मागोमाग बाकीच्या.

याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. सरांनाही शेवटपर्यंत सापडलं नाही. एक मात्र खरं – त्या वर्षी मी पास व्हावं म्हणून घरातल्या एकाही माणसाने उपास केला नव्हता.