करडू घेऊन डोंगर उतरलो

मंडळी, आज सकाळी पिंपळगाव रेणुकाईजवळच्या डोंगरावर जायला निघाल्तो. ज्वारीच्या बांधानं, हरभऱ्याचे घाटे खात, नेहमीसारखा वाट सोडून उतारावरच्या पळसाच्या झाडीत घुसलो.

तिथं शेळ्या राखणारी एक मावशी भेटली. तिची शेळी नुकतीच व्याली होती. एक करडू मावशीच्या पदरात, दुसरं ओलं, गारठ्यानं थरथरून राह्यलं होतं. मावशीला काठी घेऊन सगळा कळप हाकायचा होता.

"ये लेकरा, हे धर, खाली माझ्या गोठ्यापर्यंत ने. बिलकुल वर उचलू नको, शेळीच्या नाकापुढंच धर. आईला वास आला पाह्यजे, न्हाई तर ती माघारी पळंल. मंग दूध कोण पाजंल, तू?"

मी वाकूनच निघालो. शेळी मागून ओरडत, मधेच ढुशी मारत आली. वाटेत बोरांचा सडा दिसला अन् माझे पाय थांबले.

"बोरं उद्या बी राहतील रे!" मावशी ओरडली.

गोठ्यात ठेवताच करडू आईला लुचू लागलं.

डोंगरमाथा राहिला, कंबर दुखून राह्यली. पण घरी आई मला उतू जाणारं दूधसुद्धा बघायला सांगत न्हाई, अन् या मावशीनं नाव न विचारता एक जीव हातात दिला. तुमच्यावर कुणी असा भरवसा टाकलाय का?