पित्तनळीतला खडा आणि चांदीची डबी

पूर्णेला रेल्वेच्या सिग्नल विभागात माझी नोकरी सरली. पुढचे दिसल्याखेरीज गाडी सोडायची नाही, हा तिथला नियम अंगात मुरला आहे. त्यामुळे पत्नीचे डोळे पिवळे पडले, तेव्हा शेजारणीने सुचवलेल्या कावीळ उतरवणाऱ्याकडे न जाता मी तिला परभणीला नेले.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. पित्तनळी फुगलेली होती. परंतु तिचे खालचे टोक आतड्यातल्या वायूने झाकलेले होते. नळी तुंबली हे कळले, कशाने तुंबली हे कळले नाही. खडा असेल, नाहीतर गाठ. घरी हा दुसरा शब्द कोणी उच्चारला नाही.

रेडिओलॉजिस्ट बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. सर्वांत खात्रीची तपासणी कोणती, असे मी विचारले.

"काका, प्रत्येकीला काहीतरी दिसत नाही," त्या म्हणाल्या. "सीटी स्कॅनमध्ये काही खडे पित्तासारखेच दिसतात आणि निसटतात. तोंडावाटे दुर्बीण घालून थेट नळीत शिरलं, तर खडा दिसतोही आणि काढताही येतो. पण त्यानं कधीकधी स्वादुपिंड सुजतं. नुसतं बघायला तेवढा धोका कशाला? आधी एमआरसीपी करू, म्हणजे चुंबकाच्या मदतीनं पित्तनळीचं चित्र. एमआरआयच्याच यंत्रावर होते. सुई नाही, दुर्बीण नाही. पित्त पांढरं दिसतं, खडा काळा. अगदी बारीक खडा मात्र तिलाही चुकवतो."

आपल्या यंत्राची उणीव इतक्या सरळपणे सांगणारी माणसे मला नोकरीतही फार भेटली नाहीत.

अडचण एमआरआयच्या खोलीच्या दाराशी आली. अंगावर धातू चालत नाही. पत्नीने बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र मुकाट्याने माझ्या हाती दिले. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी मात्र मुठीत धरली. आम्ही लिंगायत. लिंग अंगावेगळे करायचे नाही, हे ती लहानपणापासून पाळत आली आहे.

"आजी, मंगळसूत्र तर लगेच काढलंत!" तंत्रज्ञ म्हणाला.

"ते यांचं हाय. हे माजं हाय."

मी तिला दरडावले. "रोग ओळखायचा आहे की नाही?"

"तुमी गप बसा. पोट माजं दुखायलंय."

बाई बाहेर आल्या. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी विचारले, "आजी, डबीच्या आत काय आहे?"

"दगडाचं लिंग हाय, बाई. वरून काळा लेप."

"डबी आणि साखळी काढायची. लिंग सुती कापडात बांधून दंडावर चालेल का? पोटापासून लांब हवं. नाहीच जमलं, तर दुर्बिणीच्या टोकावर बसवलेली सोनोग्राफी असते. खड्यासाठी तीही चांगली. पण गुंगी द्यावी लागते आणि मोठ्या शहरात जावं लागतं."

पत्नीने विचार केला. "दंडावर चालतं. आमच्यातले कोणी कोणी बांधतात."

तिने लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली. बाईंनी आधी हातातले चुंबक लिंगाजवळ नेऊन पाहिले, ओढ नव्हती. मग गाठ स्वतः मारली, तीही पत्नीने सांगितली तशी. मी रिकामी डबी धरून बाकावर बसलो. आत यंत्र हातोडे मारल्यासारखे वाजत होते.

नंतर बाईंनी मला पडद्यासमोर बोलावले. काळोखात पित्तमार्ग पांढराशुभ्र उभा होता. यकृतातल्या फांद्या खाली येत एका खोडाला मिळत होत्या. शरीराला न टोचता आतले इतके स्वच्छ दिसावे, याचे मला नवल वाटले. खोडाच्या तळाशी, सोनोग्राफीला जे दिसले नव्हते नेमके तिथे, एक काळा ठिपका होता.

"खडा," बाई म्हणाल्या. "गाठीसारखं काही दिसत नाही. आता दुर्बीण घालायला कारण आहे."

मी खुर्ची ओढून बसलो.

खडा नांदेडला दुर्बिणीने निघाला. डोळे निवळले. पत्नीने चांदीची डबी मात्र परत वापरली नाही; लिंग अजून त्याच चिंधीत दंडावर असते. कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "खडा परत अडकला तर? तयार असलेलं बरं. तुमी पुन्हा वरडायला नको."